खलास म्हणायचं राहिलं

इब्राहिमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दोह्यातल्या मुशैरिब भागात एका ऑफिसच्या छतावर एसी दुरुस्त करत होतो. त्याला आता दीड महिना झाला. रडू नंतर आलं, आधी स्वतःचाच राग आला... कारण शेवटच्या शुक्रवारी मी त्यांना ‘खलास’ म्हणालो नव्हतो.

हे नीट सांगायला हवं. रत्नागिरीचा हा माणूस दोह्यात तीस वर्षं कारकुनी करून रिटायर झाला, मुलीकडे राहिला, आणि चक्क एका अमेरिकन संपादकावर मराठीत पुस्तक लिहायला बसला! दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडचे उजवे विखुरलेले. कुणाला बाजार मोकळा हवा, कुणाला धर्म आणि जुन्या रीती, तर कुणाला फक्त कम्युनिस्टांचा बीमोड. एकाचं दुसऱ्याशी पटेना. या संपादकानं तिघांना आपल्या नियतकालिकात भांडायला जागा दिली आणि भांडता भांडता त्यांची चळवळ उभी राहिली. “भांडणारे एका पंगतीला बसवणं सोपं नाय, शिंदे,” इब्राहिमभाई म्हणायचे. मी पडलो साताऱ्याच्या युनियनवाल्या बापाचा पोरगा. मला तो संपादक काही केल्या पचेना.

पण पंगत मात्र मला आवडायची. दर शुक्रवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण त्यांच्या अल अझीझियातल्या फ्लॅटवर जमायचो; घावणे, चहा आणि वाद. नियम एकच: समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं. तो “खलास, हेच” (इथल्या अरबीत खलास म्हणजे ‘बस, झालं’) म्हणाला तरच उत्तर द्यायचं. त्यापायी निम्मे वाद तिथंच थंड व्हायचे, आणि घावणे गरम असतानाच पोटात जायचे.

त्या शुक्रवारी मी म्हणालो, “तुमचा संपादक काळ्या लोकांच्या मताधिकाराच्या आड आला, त्याचं काय?” त्यांनी माझं म्हणणं मांडलं. बरोबर मांडलं. मी मुद्दाम म्हणालो, “नाही जमलं.” दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा... मी आपला हटूनच. ते हसले. “बरं बाबा, पुढच्या शुक्रवारी. इन्शाल्ला.”

परवा त्यांच्या मुलीनं, शबानानं, हस्तलिखित माझ्या हातात ठेवलं. “अंकल, लास्ट चॅप्टर इज फॉर यू.” उघडून बघतो तर दोन पानं भरून माझाच आक्षेप, मला जन्मात जमला नसता इतका धारदार. खाली एक ओळ: ‘शिंदे खलास म्हणाला की उत्तर लिहायचे.’ पुढची पानं कोरी.

आम्ही अजून जमतो. घावणे शबाना करते, जरा जाड होतात, पण कुणी नावं ठेवत नाही. खिडकीजवळची त्यांची वेताची खुर्ची तशीच आहे. काल मी ती दोन पानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि खुर्चीकडे बघत म्हणालो, “खलास, इब्राहिमभाई. हेच म्हणायचं होतं मला. आता बोला.”