काजळीला रकाना नव्हता

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात मी बॉयलरच्या नोंदी ठेवत असे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमची पेंड घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाने दर महिन्याला एक तक्ता मागितला: टनामागे कोळसा किती, वीज किती, पाणी किती. आकडे उतरत जायला हवे होते. आम्ही कोळसा बंद करून कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जाळू लागलो. कोळशाचा रकाना शून्यावर आला, याचा मला खरोखर अभिमान होता.

पऱ्हाटीची राख आणि काजळी हलकी, उडणारी. ती अडवायला चिमणीच्या आधी पाण्याचे फवारे होते आणि त्यांना साडेसात हॉर्सपॉवरचा पंप. मी व्यवस्थापकांना आकडेमोड करून दाखवली की पंप दिवसाला दोनच तास चालवला, तर वीज आणि पाणी दोन्ही रकाने उतरतील. काजळीला तक्त्यात रकाना नव्हता. ते म्हणाले, "करा." सूचना माझीच होती.

आमचे घर कारखान्याच्या मागेच, ओढ्याकाठी. शेजारच्या ताई लग्नाच्या रुखवतासाठी कुरडया करून देत. तीन दिवस गहू भिजवायचा, चीक काढायचा, शिजवायचा, मग सोऱ्याने गच्चीवर घालायच्या. त्यावर त्यांचे घर चाले. मे महिन्यातल्या एका दुपारी त्या ताट घेऊन आमच्या दारात आल्या. ओल्या कुरडयांना काळे कण चिकटले होते.

"भाऊ, हे पाहा. काळे तीळ लावले म्हणून सांगू का नवरीच्या मायला?"

मला हसू आले नाही.

"तुमच्या कारखान्याचं तर न्हाई ना?"

"न्हाई ताई. कोळसा बंद केलाय आमी. ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीचं असंल."

यातले कोळशाचे तेवढे खरे होते.

त्या तशाच भट्टीवर गेल्या. ओढा अरुंद, मला सगळे ऐकू येत होते.

"काहून आमच्या पोटावर पाय देऊन राहिलास रं?"

"बाई, आठ दिवस झाले भट्टी विझून. हात लावून पाहा."

"चोर कधी कबूल झालाय का?"

भट्टीवाला पुन्हा विटा उचलू लागला. त्याची बायको म्हणाली, "आमच्या लेकराचे कपडे बी काळे होऊन राहिले, मावशी."

मी तेव्हाही ओढा ओलांडला नाही. नवरीच्या आईने कुरडया दुसरीकडून घेतल्या. ताईंचा दोन पायल्या गहू वाया गेला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गच्चीवर ओले पांढरे धोतर तासभर पसरले. पंप बंद होता. हातभर जागेत सत्तेचाळीस कण मोजले. मग पंप चालू करून तेवढाच वेळ दुसरे धोतर ठेवले, तर तीन. दोन्ही धोतरे व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवली.

"तक्ता बिघडंल ना," ते म्हणाले.

"बिघडू द्या, साहेब. खाली कारण लिहितो मी."

पंप पूर्ण वेळ सुरू झाला. त्या संध्याकाळी मी ताईंकडे जाऊन खरे काय ते सांगितले. त्या सुपात गहू निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "समजलं होतं मला. येताना भट्टीला हात लावला मी. गार होती."

"तुमचा गहू मी..."

"गव्हाचं राहू द्या. त्या माणसाला मी चोर म्हणले, भाऊ, तुमच्या बोलण्यावर. त्याला सांगून या."

सकाळी मी ओढा ओलांडून गेलो. विटा उचललेल्या होत्या. चुलीचे तीन दगड आणि एक फाटके पोते तेवढे उरले होते. रस्त्यावरच्या चहावाल्याला विचारले.

"गेले की कालच. हंगाम सरला."

"गाव कोणतं त्यांचं?"

"कोणाला ठाव?"

दिवाळीनंतर भट्टी पुन्हा लागली, तेव्हा दुसरेच कुटुंब आले होते. मी त्यांनाही विचारले. त्यांना तो माणूस माहीत नव्हता.