उजव्या हाताचा अंगठा

हे मी आजवर कुणापाशीही उघड केलेले नाही. मुलापाशी नाही, जुन्या वकील मित्रांपाशी नाही, आणि माझ्या प्रत्येक तक्रारीची जावक नोंद ज्या वहीत असते, त्या वहीतही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — की तुम्ही उलटतपासणी घेणार नाही म्हणून? असो.

धुळ्याच्या न्यायालयात मी तेहतीस वर्षे लिपिक होतो. निवृत्तीनंतर पत्रे लिहू लागलो : तुंबलेल्या गटारीबद्दल, बसस्थानकावरच्या मोडक्या बाकाबद्दल, उत्तर न देणाऱ्या कार्यालयांबद्दल. आळीत चेष्टा चाले, "नानांच्या दारात कुत्रं भुंकलं तरी त्याला नोटीस जाते." जावो. संतापी मी आहेच; परंतु माझ्या पत्रातील मजकूर खरा असे. एक पत्र सोडून.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत सर्व होते. शब्द तेवढा ओठापर्यंत येऊन अडे. ज्या रुग्णालयात आम्ही जात होतो, तेथे आठवड्यातून दोनदा जळगावहून बसने एक वाचा-उपचारतज्ज्ञ मुलगी येई. प्रणाली तिचे नाव. असोद्याच्या शेतकरी घरातली. पहिल्याच दिवशी तिने पत्नीला 'अक्का' केले आणि मला 'नाना'. तो हक्क तिला कुणी दिला होता?

तिने कुठलीतरी छापील पाने आणली होती. वय झाले म्हणजे वाचा परत येत नाही, हे आता कुणी मानत नाही, असे ती म्हणाली. सफरचंद-विमानाची चित्रे दाखवण्यापेक्षा रुग्णाच्या स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी घ्याव्यात; लहानपणीच्या भाषेतही सराव घ्यावा; आणि घरच्यांनी थांबायला शिकावे — प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजावे, आपणच उत्तर देऊ नये. मी विचारले, हे संशोधन धुळे तालुक्यातील रुग्णांवर झाले आहे काय? मूळ प्रत कुठे आहे? ती हसली. "मूळ प्रत तुमच्या समोर खुर्चीत बसलीय, नाना. तिलाच विचारू."

मला हसू आले नाही.

त्यातून तिने सराव अहिराणीत सुरू केला. माझी पत्नी साक्रीकडची. लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या तोंडी अहिराणीच होती, आणि ती मी बंद केली. न्यायालयात नोकरी करणाऱ्याच्या घरात 'माले-तुले' चालणार नाही, असे मी तिला पहिल्याच महिन्यात बजावले होते. तिने ते चाळीसहून अधिक वर्षे पाळले. माहेरी गेली तरी, मी सोबत असेन तर, प्रमाण भाषेत बोले. तिची धाकटी बहीण तोंडावर पदर धरून हसे. आता ही पंचविशीतली मुलगी तीच भाषा माझ्यासमोर बाहेर काढत होती! साक्रीच्या बहिणीचा आवाज तिने मोबाइलवर मागवून घेतला होता. बाजारात कोणती भाजी आली, कोणाची म्हैस व्याली, असल्या गोष्टी. पत्नी ते ऐके आणि तिचा चेहरा — मी तो कसा सांगू? माझ्या घरात तो चेहरा मी पाहिलेला नव्हता.

आणि मी? प्रश्न तिला विचारला जाई. उत्तर मी देई. चहा हवा का? "नको, तिला पित्त होते." प्रणाली दरवेळी मान वर करी. "नाना, अक्कांना विचारलंय." अहो, दहापर्यंत मोजणे म्हणजे काय असते, हे कुणी करून पाहिले आहे काय? चारवर पोहोचेपर्यंत माझ्या कानशिलाची शीर उडू लागे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्रणालीने विचारले, "अक्का, भाकर कशानी आवडस?" मी म्हणालो, ज्वारीची. पत्नीने माझ्याकडे पाहिले. ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले.

"तू — चूप ऱ्हाय."

पक्षाघातानंतरचे तिचे पहिले सलग वाक्य. खोलीत सगळेच हसले : प्रणाली, दारातली परिचारिका, पुढच्या नंबरचे निवृत्त बसचालक. "नाना, ऑर्डर निंघी गयी तुमनी!" असे ते चालक म्हणाले. पत्नीही हसली. तोंडाच्या एकाच बाजूने, परंतु हसली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

कुठल्याही नवऱ्याने त्या दिवशी पेढे वाटले असते. मी घरी येऊन कागद काढला.

रुग्णालयाच्या नावे कलमवार लिहिले. एक, सदर महिला संशोधनाच्या नावाखाली वृद्ध रुग्णांवर प्रयोग करते. दोन, असभ्य बोली वापरून रुग्णाची अप्रतिष्ठा करते. तीन, कुटुंबीयांचा पाणउतारा करते. चार — आणि हे पूर्णतः खोटे, हे लिहिताना मला ठाऊक होते — इतक्या आठवड्यांत रुग्णाच्या वाचेत कोणतीही सुधारणा नाही.

एवढ्याने भागले असते. परंतु माझी एकट्याची सही दुबळी पडेल, असे मला वाटले. रुग्णाची स्वतःची संमती हवी. जन्मभर मी दुसऱ्यांना तेच शिकवले होते ना — निरक्षराला, आजाऱ्याला मजकूर वाचून दाखवा, समजला का विचारा, मगच अंगठा घ्या. म्हणून मी तो अर्ज तिला वाचून दाखवला. खणखणीत आवाजात. मान्य आहे का, म्हणून विचारले.

"नही," ती म्हणाली.

दहापर्यंत मोजावे लागले नाही. उत्तर तत्काळ आले, स्पष्ट आले. मी शाईची डबी उघडली आणि तिचा डावा हात धरला. तिने तो ओढून घेऊन पाठीमागे लपवला. "नही. नही."

मग मी उजवा घेतला.

लुळा हात. तो ओढून घेता येत नाही. मी तो उचलला, अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला. ठसा उत्तम उमटला. खाली लिहिले : 'मजकूर वाचून दाखवला, समजला व मान्य केला.' ती त्या हाताकडे पाहत होती; माझ्याकडे नाही.

पक्षाघाताने गेलेल्या हाताचा अंगठा अर्जावर कसा, हे रुग्णालयात एकानेही विचारू नये? पत्नीला समोर बोलावू नये? याबद्दलही मी चरफडत राहिलो. एक पत्रदेखील मनात रचले. किती निर्लज्जपणा! त्यांनी तपासले नाही, म्हणून माझे कृत्य तसूभरही लहान होत नाही.

प्रणालीचे धुळ्यात येणे बंद झाले. बसचालकांचे आणि इतर वृद्धांचे उपचारही तिच्यासोबत थांबले. तिचा मला एकदा फोन आला. "माझं काय चुकलं ते नंतर सांगा, नाना. अक्कांचा सराव तेवढा बंद करू नका." मी तिला सांगितले, यापुढील पत्रव्यवहार लेखी करावा.

सराव मी बंद केला. त्याचा अर्ज लागत नाही.

आता साक्रीची बहीण रोज दुपारी फोन करते. मी ओसरीत वर्तमानपत्र धरून बसतो आणि ऐकतो. आतून तुटक, परंतु पुरते शब्द येतात. "बरी शे." "तू ये." "माले करमत नही." कधी मधेच हसू. मी खोलीत पाऊल टाकले की आवाज थांबतो, आणि मी बाहेर जाईपर्यंत ती मोबाइल छातीशी धरून बसते. त्या अंगठ्यापासून ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही.

लोक भेटायला येतात, हळहळून विचारतात. मी सांगतो, पक्षाघातात तिची वाचा गेली, आता काही होणे नाही. ती समोरच बसलेली असते. मला खोटे पाडणे तिला सहज शक्य आहे. ती पाहुण्याकडे पाहते, आणि डाव्या हाताने बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवते.