मायनस अठराला जळणारी माणसं

पनवेलजवळ नावड्याला आमचं कोल्ड स्टोरेज आहे. मटार, कोळंबी, आइस्क्रीम, जे जे मायनस अठराला ठेवायचं ते सगळं आमच्याकडे. आत फार वेळ थांबायचं नाही, थोड्या थोड्या वेळाने बाहेर येऊन चहा प्यायचा, हा नियमच आहे. आणि चहा आला की गप्पा आल्याच. त्यामुळे किस्से आमच्याकडे मालासारखे जमतात. फक्त मालाला एक्स्पायरी असते, किश्शांना नसते. यंदाचा सगळा साठा एकट्या म्हात्रेचा. म्हात्रे आल्प्सला गेला होता.

म्हात्रे आणि मी, दोघंही शिफ्ट सुपरवायझर. तो इथल्याच सारसोळे गावचा. गावठाणात दोन बिल्डिंगी, भाडी येतात. नोकरी करतो ती घरी करमत नाही म्हणून. मी सावंत, कणकवलीचा, नेरूळला वन बीएचके. नोकरी करतो ती हप्ते आहेत म्हणून. पगार दोघांचा सारखाच. आता सांगा, माणूस जळणार नाही तर काय करणार?

*

म्हात्रेने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि म्हणाला, फॅमिलीला घेऊन स्कीइंगला चाललोय.

शेवाळे हा आमचा मशीन ऑपरेटर, साताऱ्याचा. पेढा तोंडात टाकून तो शांतपणे म्हणाला, "थंडीत उभं राहायचे आपल्याला पैसे मिळतात. तू पदरचे देणार?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन वैशालीला, म्हणजे आमच्या हिला, हसत हसतच सांगितलं. लग्नानंतर मी तिला मनालीला नेणार होतो. बाबांच्या ऑपरेशनमुळे ते बुकिंग रद्द केलं, मग घर झालं, मग मुलीची ॲडमिशन. मुलगी आता बारावीला आहे. वैशालीने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "अहो, तिथे बर्फ पडताना दिसतो का?"



*

वाशीच्या मॉलमधून म्हात्रेने घरच्या सगळ्यांना केशरी जॅकेटं आणली. स्वतःचं घालून टेस्टिंगला थेट आमच्या तीन नंबरच्या फ्रीझरमध्ये जाऊन उभा राहिला. बाहेर आला तो घाम पुसत. म्हणाला, "पास हाय."

मग जो तो ते जॅकेट घालून बघायला लागला. मी म्हटलं, मला नाही असली हौस. दुपारी लॉकर रूममध्ये कोणी नाही असं बघून मी ते अंगात चढवलं आणि चेन अडकली. शेवटी शेवाळेने मला डोक्यावरून सोलून काढलं. संध्याकाळपर्यंत गेटवरच्या वॉचमनलासुद्धा कळलं होतं.

*

आल्प्सवरून पहिला व्हिडिओ आला. स्की शिकायला म्हात्रेला बालवाडीतल्या पोरांच्या रांगेत उभं केलेलं. चार फूट घसरला आणि आडवा. एवढीशी चिमुरडी त्याची काठी उचलून देतेय. शेवाळे म्हणाला, फोर्कलिफ्ट पण अशीच चालवतो. आम्ही तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. इतकं मोकळं हसू मला कितीतरी दिवसांत आलं नव्हतं.

लगेच दुसरा आला. कविता वहिनी, म्हणजे म्हात्रेची बायको, बर्फावरच्या घसरगाडीवरून किंचाळत, खिदळत खाली येतायत. तो आम्ही एकदाच बघितला. जो तो आपापल्या बायकोचा विचार करत असावा. मी तरी करत होतो.

*

आमच्याकडे फ्रीझरचा दरवाजा उघडा टाकला की मेमो. त्यामुळे हाताला सवयच लागलेली. म्हात्रे तिकडच्या हॉटेलातही, कोणी दार उघडं टाकलं की जेवण सोडून उठायचा आणि लावून यायचा. लोक थँक्यू म्हणायचे. एका आजीबाईंनी तर त्याला चॉकलेट दिलं! हे त्याने कौतुकाने फोन करून कळवलं.

शेवाळेचं तोंड पडलं. म्हणाला, "इतकी वर्षं दारं लावतोय. आमाला साधी चिक्की नाय कोणी दिली."

*

मग त्याचे फोटो अचानक बंद झाले. आम्ही म्हटलं, मजेत एवढा बुडालाय की आमची आठवणसुद्धा नाही. वैशाली मात्र वहिनींनी पाठवलेला तोच घसरगाडीचा व्हिडिओ रोज बघायची. मी आलो की फोन उलटा ठेवायची. तो उलटा फोन मला सहन होईना.

रविवारी माझी ड्युटी होती. तीन नंबरमध्ये दरवाज्याच्या वर छताला बर्फ साचतो, तो खरवडायचा होता. मी वैशालीला घेऊन गेलो. बाहेरच्या माणसाला आत न्यायला परवानगी नाही, तेव्हा हे आपल्यातच ठेवा. कंपनीचं जॅकेट, टोपी, हातमोजे, सगळं तिला चढवलं. शेवाळे शिडीवर चढला आणि खरवडायला लागला. पांढरा भुगा भुरुभुरु तिच्या अंगावर पडायला लागला. ती तोंड वर करून उभी. मी म्हटलं, चल, वेळ झाली. म्हणाली, "थांबा ना जरा."

शेवाळेने फोटो काढला. तिने तो स्टेटसला टाकला. खाली काही लिहिलं नाही.

आम्ही घरी पोचतोय तोच आल्प्सवरून कविता वहिनींचा फोन. वैशालीने स्पीकरवर घेतला.

"कुठं गेलात वो तुमी? काय मस्त बर्फ पडतोय! इथं चार दिवस नुसतं धुकं. डोंगरावर जायची लिफ्ट बंद, समोरची बिल्डिंग पन दिसत नाय."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "जवळच गेलो होतो. ह्यांनी नेलं."

तिकडे वहिनींनी म्हात्रेला फैलावर घेतलं. बगा, सावंत भावजींनी कसं नेलं, एवढे पैसे घालून तुमी मला खोलीत बसवलंत, मला पन तिथंच न्यायचं. मग ऐकू आलं, ह्यो बगा फोटो. फोटो म्हात्रेच्या हातात गेला असणार. वैशालीच्या मागे फ्रीझरच्या दरवाज्याला गारवा अडवायला लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या दिसत होत्या, आणि त्या म्हात्रेनेच बसवलेल्या. त्याने त्या ओळखल्या नाहीत तरच नवल.

"सावंत, स्पीकर बंद कर," म्हात्रे म्हणाला.

मी बंद केला.

तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "आमी शुक्रवारी येतोय. पुढच्या रविवारी ड्युटी कोनाची हाय?"