पूर्णागिरीच्या चढावर बाबा

मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत काम करते. अंगात येणं, भास होणं असले विषय निघाले की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे... त्यामुळे हे लिहिताना मलाच संकोच वाटतोय.

बाबा रेल्वेत इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर आई-बाबा दोघंही माझ्याकडेच, गोमती नगरच्या फ्लॅटवर राहायचे. पॅरालिसिसनंतर बाबा अंथरुणाला खिळले, वाचाही गेली. गेल्या चैत्रात आई शेजारच्या बायकांबरोबर पूर्णागिरीला गेली — टनकपूरच्या वरचा देवीचा डोंगर. बाबा बरे व्हावेत म्हणून नवस होता.

त्या सकाळी मी बाबांना पेज भरवत होते. अचानक त्यांना धाप लागली. घामाने उशी भिजली.

"बाबा, काय होतंय?"

"चढ आहे," ते म्हणाले. स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात!

मी धावत जाऊन खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरसाहेबांना आणलं. त्यांनी पाय चाचपले. लुळ्या पडलेल्या पोटऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या.

"अजीब है... जैसे पहाड़ चढ़ रहे हों," म्हणत ते ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागले. आई कुठे गेलीय हे त्यांना माहीतच नव्हतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. तीही धापा टाकत होती.

"अगं, बाबांना थांबव ना! केव्हाचे माझ्यापुढे चाललेत. मागे वळूनसुद्धा बघत नाहीत."

"आई, बाबा इथे आहेत! माझ्यासमोर!"

"त्यांची पाठ मी ओळखणार नाही का?" ...आणि रेंज गेली.

मी बाबांचे खांदे धरले. "बाबा, थांबा. प्लीज... परत या."

ते माझ्याकडे बघून हसले. "आता खाली कोण उतरणार?"

मग धाप हळूहळू कमी झाली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते गेले होते. मी नुसती हात धरून बसले होते.

डॉक्टरसाहेब म्हणतात, शेवटी शेवटी मेंदू काहीही करू शकतो. मान्य. पण तिकडे डोंगरावर आईने काय पाहिलं? ती परत आल्यावर रडलीसुद्धा नाही. "ते देवळाच्या गर्दीत शिरले," एवढंच म्हणाली.

आता पुन्हा चैत्र जवळ आलाय. आईने बॅग भरायला घेतलीय. "या वेळी गाठीन त्यांना," म्हणते. गुडघे, वय, ऊन — सगळं सांगून झालं माझं. फक्त 'तिथे कोणी नाहीये, आई' एवढं काही केल्या तोंडातून निघत नाही.