सणात बंद ठेवलेला पंप

ताम ख्वात कुणालाच आवडत नसे. मेकाँग नदीच्या एका कालव्यावर बासा मासे कापायचा कारखाना होता. तिथलं घाण पाणी शुद्ध करायच्या टाक्या ख्वातच्या ताब्यात होत्या. त्या टाक्यांतले जंतू सोडले, तर तो कुणाशी धड बोलल्याचं ऐकिवात नाही. हवा सोडलेल्या टाकीत जंतू घाण खायचे, पुढच्या टाकीत त्यांचाच गाळ तळाशी बसायचा आणि वरचं नितळ पाणी कालव्यात जायचं. तळाचा गाळ पंपाने थोडा जंतूंच्या टाकीत परत न्यायचा, थोडा बाहेर काढायचा. काम एवढंच, पण मिजास अशी की जणू मेकाँग यानेच खणली.

तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणात पहिले तीन दिवस कुणी घरातला केर बाहेर टाकत नाही, घरचं नशीब जातं म्हणून. कारखान्यातही तेव्हा गाळ बाहेर काढत नसत. त्यासाठी गाळ बाहेर सोडणारी एक झडप बंद केली की भागतं. या शहाण्याने आख्खा पंपच बंद केला आणि घरी जाऊन दारू ढोसत बसला.

चौथ्या दिवशी कामावर येऊन बघतो, तर गाळाच्या टाकीवर काळपट, जाड साय आलेली. खालून बुडबुडे फुटत होते.

"लुआ!" कारखान्याची फरशी-टेबलं धुणाऱ्या सगळ्या बायकांसमोर तो त्यांच्या मुकादमणीवर ओरडला. "सणाआधी ब्लीच ओतलंस ना? मारलेस माझे जंतू! अक्कल विकून खाल्लीस काय?"

लुआही काही गरीब गाय नव्हती. "तोंड सांभाळ, तामदादा. मापाबाहेर थेंब ओतत नाही आम्ही. आधी टाकीतलं पाणी बरणीत भरून गाळ बसतो का बघ, मग भुंक."

तिचं नाक कापायचं म्हणूनच त्याने जंतूंच्या टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरलं. गाळ झकास खाली बसला, वर पाणी स्वच्छ. मेलेले जंतू असे बसत नाहीत. बायका चहा प्यायला गेल्या, आणि तेवढ्यात बसलेला गाळ बुडबुड्यांसकट आख्खा वर आला. तळाशी पडून राहिलेला गाळ वायू धरून वर येतो, हे ख्वातला पक्कं ठाऊक होतं. पंप बंद कुणी केला, हेही.

उपाय अवघड नव्हता. पंप चालू करायचा, फवारा मारून साय फोडायची, म्हणजे ती पुन्हा तळाशी जाते. पण तोवर धुलाईचं पाणी यायला नको, नाहीतर सगळी साय काठावरून कालव्यात. ओहोटीने कालवा आटला होता, घाण पातळ व्हायला पाणीच नव्हतं, आणि खालच्या अंगाला ख्वातच्या लेकीचा, दिएपचा मासे पाळायचा पिंजरा होता. त्यातले मासे विकायला आले होते.

"लुआ, आज धुलाई थांबव," तो म्हणाला.

"थांबवते की. सगळ्यांसमोर मला बोललास ना? आता सगळ्यांसमोरच सांग, चूक कुणाची."

बायका चहाचे पेले घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक फिसकन हसली.

ख्वातने बरणी पालथी केली. "तुझ्या ब्लीचची. कर धुलाई, खुशाल कर!"

लुआनेही हट्टाने पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी दिएप कंबरभर चिखलपाण्यात उभी राहून मेलेले मासे टोपलीत भरत होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"बाबा, कुणी केलं हो हे?"

"त्या लुआने."

दिएपने टोपली तिथेच टाकली आणि ओलेत्यानेच लुआच्या घराकडे निघाली. काठावर उभ्या असलेल्या बापाने तिला हाकसुद्धा मारली नाही.