चारमिनारच्या मधला सपाट भाग

"मधे सपाट आहे," मी म्हटलं. माझं बोलणं संपलं नव्हतं, पण करीमचाचांनी निकाल दिला, "मग घासलाय."

समोर बसलेल्या मठपती मॅडमचा चेहरा उतरला. त्या उदगीरच्या शाळेत शिकवतात. वडील गेल्यावर त्यांनी जमवलेली नाणी मॅडमकडे आली. त्यातला निजामाच्या काळातला, चारमिनारच्या छापाचा चांदीचा रुपया वडिलांचा सगळ्यात लाडका. हा रुपया कोरा आहे, बाजारात कधी फिरलेलाच नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लातूरच्या एका व्यापाऱ्यानं मात्र तो घासलेला ठरवला होता. नाणं विकायचं असं मॅडमच्या मनात नव्हतं. वडिलांना, अप्पांना, खरंच कळत होतं की ते उगाच सांगत होते, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्या नांदेडला आमच्या दुकानात आल्या होत्या.

आता मला चाचांच्या विरोधात बोलायचं होतं, तेही गिऱ्हाइकासमोर.

करीमचाचा जुन्या नाण्यांचा धंदा करतात. नाणं घासलेलं आहे की कोरं, कुणी पॉलिश केलंय का, हे ठरवण्याला आमच्याकडे ग्रेडिंग म्हणतात. चाचांचं ग्रेडिंग मराठवाडाभर चालायचं. मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. नजरेच्या कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही, असं ते सांगतात. माणसाचं ठीक आहे, आवाजावरून ओळखता येतो. नाण्याला आवाज किती असणार?

मी भोकरची. इतिहासात एमए केलं आणि ऑनलाइन विक्रीसाठी फोटो काढायला म्हणून या दुकानात लागले. आठवडाभरात कळलं, की खरं काम वेगळंच आहे. मी बघायचं आणि चाचांना सांगायचं.

पहिलं नाणं हातात आलं तेव्हा मी म्हटलं, "छान आहे."

"बेटा, छान मला दिसत न्हाई. तुला जे दिसून राहिलं ते सांग."

तेव्हापासून छान, खराब, बरं, चमकदार हे शब्द दुकानात बंद झाले. नाणं कडेवर धरायचं, छापावर बोट लावायचं नाही. आधी कड सांगायची. मग छापाभोवतीची मोकळी जागा, तिला आम्ही फील्ड म्हणतो. मग छाप. शेवटी उजेड. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीकडे वळायचं नाही.

सरावाला त्यांनी मला खिशातलं रोजचं दोन रुपयांचं नाणं दिलं. मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय असणार. दुपारची अजान झाली तरी मी त्याच नाण्यावर होते. एकेक गोष्ट दिसू लागली. गल्ल्यात आपटून पडलेल्या खुणा आखूड असतात आणि कुठंही पडतात. फडक्यानं घासून पडलेल्या रेघा बारीक असतात आणि सगळ्या एका दिशेनं जातात. एक लांब रेघ मी ओरखडा म्हणून सांगितली. चाचांनी दिवा डावीकडे ठेवायला लावला आणि विचारलं, सावली रेघेच्या आत पडते की बाहेर? बाहेर पडत होती. म्हणजे ती रेघ खोल नव्हती, उंच होती. नाणं पाडायच्या ठशालाच भेग गेली होती, त्या भेगेत धातू शिरला आणि नाण्यावर उंच रेघ आली. मी सांगितलं ओरखडा, आणि निघाला टांकसाळीचा दोष. नाण्याचा त्यात काही गुन्हा नव्हता.

रात्री घरी जेवताना मी ताटाची कड निरखत बसले. आई म्हणाली, ताट धुतलेलंच आहे.

पण चाचांचा गिऱ्हाइकांवरचा पगडा कमी होत होता, ते मला दिसत होतं. म्हातारा आता पोरीच्या भरवशावर नाणी बघतो, असं लोक बोलायचे. कुणी तोंडावर बोलत नव्हतं. नाणी घेऊन दुसरीकडे जायचे. चाचांच्या मुलानं हैदराबादहून दोनदा फोन करून दुकान बंद करा असं सुचवलं होतं. त्यात मठपती मॅडम आल्या, आणि लातूरवाला जे म्हणाला तेच चाचाही म्हणाले. ते नंतर फिरवलं, तर या दुकानात काहीही सांगतात, असं लोक बोलले असते.

मी म्हटलं, "चाचा, मधे सपाट आहे. पण घासलेलं वाटत न्हाई."

"वाटत न्हाई म्हंजे?"

मी चूक सुधारली. वाटणं हा पण बंद शब्द होता. "मला पुरं सांगू द्या."

चाचांनी मान खाली घातली. ऐकताना ते नेहमी तशी घालतात.

मी कडेपासून सुरुवात केली. कड धारदार होती, सगळीकडून सारखी. नाणं हातोहाती फिरलं की आधी कड गोल होते. चारही मिनारांची टोकं टोकदार होती. फक्त इमारतीच्या मधे, कमानीच्या वर, नक्षी नव्हती. तिथं बोटाच्या नखाएवढी जागा सपाट होती.

"त्या जागेचा रंग?"

"आजूबाजूसारखाच. करडा पडलेला न्हाई."

"भिंगाखाली गुळगुळीत हाय?"

"न्हाई. बारीक खड्डे आहेत."

चाचा जरा पुढं सरकले. घासलेली जागा गुळगुळीत असते. खड्डे घासण्यात आधी जातात. ते शिल्लक होते, म्हणजे छाप पडायच्या आधीच्या कोऱ्या चकतीचं अंग तिथं अजून तसंच होतं.

"उलटव. त्याच जागेच्या मागं काय हाय?"

मी नाणं कडेवरून फिरवलं. मागं फारसी अक्षरं. बरोबर मधली दोन अक्षरं अर्धवट होती, बाकीची ठसठशीत. नुसतं घासून दोन्ही बाजूंची नेमकी एकच जागा जात नाही. मी तसं सांगितलं.

"आता तिरकं कर."

नवं नाणं ठशाखाली दाबलं जाताना धातू कडेकडे पसरतो आणि त्याच्या अंगावर अगदी बारीक रेघा उमटतात. नाणं तिरकं करून फिरवलं की त्या रेघांमुळे उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. त्याला लस्टर म्हणतात. घासलेल्या जागी पट्टा तुटतो. पॉलिश केलेलं नाणं नुसतं चमकतं, त्यात काही फिरत नाही. मी दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवलं. पट्टा मिनारावरून आला, सपाट जागेवर जरा मंद झाला आणि पलीकडे गेला. तुटला नाही. मी दोनदा बघितलं. मग सांगितलं.

मॅडम कधी चाचांकडे, कधी माझ्याकडे बघत होत्या.

"दोष काय?" चाचांनी विचारलं.

"डाव्या मिनाराशेजारी एक ओरखडा. खोल आहे, सावली आत पडते. कडेला तपकिरी-निळी झाक."

"लिही. रुपया कोरा हाय. दाब कमी पडला म्हणून मधे छाप उठला न्हाई. एक ओरखडा." मग ते मॅडमकडे वळले. "बाई, मी घाई केलो. घासला न्हाई तो. तिथं नक्षी कधी आलीच नव्हती."

मॅडमनी सरळ विचारलं, "तुम्हाला तर दिसत नाही. एवढ्या खात्रीनं कसं सांगता?"

"मी बघितलो न्हाई. हिनं बघितलं, मी ऐकलो."

मॅडमचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी खुर्ची पुढं ओढली, भिंग त्यांच्या हातात दिलं आणि दिवा त्यांच्याकडे वळवला. नाणं कसं धरायचं ते दाखवलं. पहिल्यांदा त्यांना नुसतीच चकाकी दिसली. कोन बदलायला सांगितला. मग त्यांचा हात थांबला, परत फिरला, परत थांबला.

"फिरतोय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं भिंग खाली ठेवून त्यांनी डोळे पुसले. "अप्पा खिडकीत बसून हे असं वाकडंतिकडं करत राहायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा."

चाचांनी त्यांच्यासमोरच लातूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. भांडण नाही, नुसतं मी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, परत बघतो. पुढच्या आठवड्यात मॅडम लातूरला गेल्या. त्यानं नाणं पाकिटातून बाहेर काढलं, दिव्याखाली फिरवलं आणि मान्य केलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की आधी ट्यूबलाइटखाली, पाकिटातच, समोरून बघितलं होतं.

मॅडम नंतर सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या उरलेल्या नाण्यांचा डबा घेऊन येऊ लागल्या. त्यातली सगळीच नाणी वडील सांगायचे तशी निघाली नाहीत. चांदीचे दोन रुपये साफ पॉलिश केलेले होते. ते मॅडमनी स्वतःच ओळखले, मी काही सांगायच्या आधी. रेघा एका दिशेनं जातात, असं त्यांनी चाचांना सांगितलं, आणि "खराब" हा शब्द वापरला नाही. अप्पांना बरंच कळत होतं आणि काही ठिकाणी ते फसले होते, हे त्यांनी हसत मान्य केलं.

लातूरचा व्यापारी आता शंका असलेली नाणी आमच्याकडे पाठवतो. सोबत निरोप असतो, की मॅडमला दाखवा. ही मॅडम म्हणजे मी. चाचांचा मुलगा दिवाळीच्या आसपास येऊन गेला, दिवसभर दुकानात बसला, आणि जाताना नवा दिवा घेऊन दिला.

या कामात मी एकच गोष्ट शिकले. मत शेवटी सांगावं. आधी सांगितलं, की डोळे पुढं काही बघत नाहीत, त्या मतासाठी साक्षीदार गोळा करत बसतात.