चार दातांचं भांडण

त्या घरात दात कुणाचे टिकले नाहीत आणि त्याचं कुणाला वाईटही वाटलं नाही. वाटायचं कशाला? घरात कवळ्या करणारी बाई होती. दोन खोल्यांच्या एका कारखान्यात खिडकीशी तिचं, म्हणजे घरातल्या आईचं, टेबल होतं. त्यावर स्पिरिटचा दिवा, मेण कोरायची सुरी, प्लॅस्टरचे साचे आणि पट्ट्यांवर ओळीने चिकटवलेले नवेकोरे दात. शहरातले निम्मे म्हातारे तिच्या हातच्या दातांनी जेवत होते. घरचेही त्यातलेच. आत्याच्या वरखालच्या दोन्ही कवळ्या आईने केलेल्या. बस चालवणाऱ्या बाबांची वरची कवळी तिनेच केलेली, पण ती त्यांना टोचायची म्हणून बहुतेक वेळ त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. "लोकांकडे दात असतात तर चणे नसतात," ते म्हणायचे, "आपल्याकडे दोन्ही आहे. फक्त दात खिशात आहेत." आईच्या स्वतःच्या तोंडातली कवळी तर अशी बेमालूम होती की शेजाऱ्यांनाही पत्ता नव्हता.

अशा घरात दात घासण्याचं कौतुक कोण करणार? "जायचेच आहेत ते," आत्या म्हणायची. "घासूनपुसून काय त्यांना शाळेत पाठवायचंय?"

या घरात भोंगा जन्मली. मुलीचं नाव दुसरं होतं, पण तिच्या आवाजापुढे ते कुणाला ऐकू गेलं नाही. ती जिन्यात असली की गच्चीवर कळायचं. सगळ्यांच्या नकला करायची. बाबांचं ब्रेक दाबताना तोंड वाकडं होणं, आत्याचं नाक ओढणं, मुख्याध्यापिकेचं "शांतता, शांतता" म्हणत स्वतःच ओरडणं. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची.

मग तेराव्या वर्षी पुढचे वरचे चार दात आधी पिवळे, मग तपकिरी पडले. एकाचा कोपरा पाव खाताना तुटला. वर्गात कुणीतरी म्हणालं, "तोंडात गंजलेले खिळे आहेत." झालं. भोंगा वरचा ओठ खाली ओढून बोलायला शिकली, मग तोंडावर हात धरून बोलायला, मग न बोलायला. मोठ्याने वाचायची पाळी आली की तिचा घसा बसलेला असायचा. मैत्रिणींच्या घोळक्यात ती कडेला, मग घोळक्याबाहेर. शिक्षकांनी घरी निरोप धाडला की मुलगी फार सुधारली. आपल्याकडे गप्प मुलगी दिसली की लोकांना ती शहाणी वाटते. अरे, तिच्या हिरड्या ठणकत होत्या! शहाणपणाचा काय संबंध?

ती सोळाची झाली तेव्हा शाळेत दात तपासायचं शिबिर भरलं. खेळाच्या खोलीत एक खुर्ची, एक दिवा आणि सरकारी दवाखान्यातली एक तरुण डॉक्टरीण. तिने आरसा आत घालून बराच वेळ पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"झोप लागते?"

"उजव्या कुशीवर लागते."

"जेवण?"

"मऊ असलं तर."

डॉक्टरीण आरसा खाली ठेवून म्हणाली, "आणि एकूण कसं चाललंय तुझं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. भोंगा हाताआडून म्हणाली, "एकूण म्हणजे? तोंड सोडून की तोंडासकट?"

"तोंडासकट."

आणि भोंगा रडली. बाहेर रांग ताटकळली तरी रडली. शाळेत यावंसं वाटत नाही, घरी जावंसं वाटत नाही, आरसा बघायचा नाही, फोटोत उभं राहायचं नाही, सगळं नकोसं झालंय, हे एका दमात बोलून गेली. डॉक्टरणीने तिला मध्ये तोडलं नाही.

"तुझ्या वयाची पुष्कळ मुलं अशीच येतात," ती शेवटी म्हणाली. "सांगतात दाताचं आणि निघतं हे सगळं. ऐक, यातले तीन दात नक्की वाचतील. चौथ्याचं उघडून बघावं लागेल. काळपट राहतील, पण तुझे राहतील. घरचं मोठं माणूस घेऊन दवाखान्यात ये. त्यांच्या सहीशिवाय मला हात लावता येणार नाही."

वाचतील! हा शब्द घेऊन भोंगा शाळेतून थेट आईच्या कारखान्यात पळत गेली. आई पाणी आणायला उठली होती. टेबलावर एक साचा होता आणि त्याच्या बुडाला पेन्सिलीने लिहिलं होतं, "भोंगा."

मागच्या महिन्यात आईने तिच्या तोंडाचं माप घेतलं होतं. "असू दे जवळ," एवढंच म्हणाली होती. या धंद्यात एक रीत असते. दात काढायचे ठरले की ते तोंडातून निघण्याआधी प्लॅस्टरवरून कापतात, त्या जागी नवे बसवून कवळी तयार ठेवतात. म्हणजे माणूस खुर्चीतून उठतो तो दात घेऊनच उठतो. भोंग्याच्या साच्यावरचे पुढचे चार दात कापलेले होते. सफाईने, घासून गुळगुळीत केलेले. शेजारी गुलाबी मेणात चार नवे दात उभे होते.

"बघितलंस?" आई मागून आली. तिचा चेहरा फुलला होता. "कधीपासून बाजूला काढून ठेवलेत. असे दात पट्टीला एखाद्या वेळी येतात. मालक मागत होते, दिले नाहीत. पुढच्या आठवड्यात तुझे काढून घेऊ, मग बघ कशी दिसतेस."

दात सुंदर होते, हे कबूल करायलाच हवं. आईचं सगळं प्रेम त्या मेणात होतं, आणि म्हणूनच भोंग्याला जास्त राग आला.

"मला विचारलंस?"

"आता तुझ्या भल्याचं तुला विचारून करू?"

"माझे दात कापलेस तू!"

"प्लॅस्टरचे गं."

"डॉक्टर म्हणाल्या, वाचतील."

"वाचून काय लोणचं घालायचंय? काळे ते काळेच राहणार. लोक हसतील."

"हसतील त्यांचे दात दिसतील!" भोंगा किंचाळली. हात तोंडावर घ्यायचं ती विसरली होती. "आणि तेसुद्धा तूच केलेले असतील!"

पलीकडच्या टेबलावरचा माणूस फस्सकन हसला आणि आईचा राग अनावर झाला. आपल्या हातच्या कामाला पोटच्या पोरीने नाव ठेवावं?

घरात युद्ध पेटलं. आत्या म्हणाली, एवढीशी पोर आणि तोंड बघा केवढं. बाबा म्हणाले, आईच्या कलाने घे. भोंगा कुणाच्या कलाने घ्यायला तयार नव्हती. काढायला नेलंत तर तोंड उघडणार नाही, तिने जाहीर केलं, भूल द्या नाहीतर पहार आणा. गाल सुजला तरी तिने हूं की चूं केलं नाही. आईने न बोलता मिठाच्या पाण्याचा पेला समोर ठेवला. तिने न बोलता चूळ भरली, आणि दोघी पुन्हा पाठ करून बसल्या. हट्टाला हट्ट. रक्त एकच ना!

एका संध्याकाळी बाबा जेवताना काहीतरी विनोदी बोलले. आई ओठ मिटून नाकाने हसली. भोंग्याने घास खाली ठेवला.

"बघ. तू मोकळी हसतच नाहीस. जीभ टाळूला लावून धरतेस, कवळी पडेल म्हणून. मी हात धरते, दात दिसतील म्हणून. मला तुझ्यासारखं नाही हसायचं, आई. आयुष्यभर नाही."

"कार्टे," आत्या म्हणाली.

आईने तिला हातानेच थांबवलं.

"मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "लग्न ठरलं, तर घरचे म्हणाले, पुढे दातांची कटकट सासरी नको. खुर्चीत बसवलं आणि वरचे सगळे काढून टाकले."

"म्हणून तूही मला विचारणार नाहीस?"

आई ताट घेऊन उठली, मोरीशी गेली आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "त्यातले पुष्कळसे चांगले होते गं."

बाबांना हे माहीत नव्हतं. संसाराची इतकी वर्षं झाली आणि त्यांना माहीत नव्हतं. भोंगा उठून आईजवळ गेली, तर आईने ओल्या हाताने तिची हनुवटी वर केली आणि म्हणाली, "आ कर." ते तपकिरी, तुटके चार दात तिने पहिल्यांदाच नीट पाहिले. आजवर तिने पाहिली होती ती फक्त त्यांची जागा.

दुसऱ्या दिवशी आईने रजा टाकली आणि दवाखान्यात जाऊन सही केली. पुढे कितीतरी फेऱ्या झाल्या. भोंग्याने खुर्चीचे हात धरून सगळं सोसलं. तीन दात वाचले. चौथ्याचं मूळ कुजलं होतं, तो गेला. ती त्याच्यासाठीही रडली, आणि मग आईला म्हणाली, "हा एक तू कर."

म्हणून भोंगा कारखान्यात आईच्या टेबलाशी स्टुलावर बसली होती, तोंड उघडं टाकून. आईने सवयीने पट्टीवरचा सगळ्यात पांढरा दात उचलला.

"तो नको. शेजारच्यांना जुळला पाहिजे."

"अगं, पण शेजारचे..."

"काळपट आहेत आणि वाकडे आहेत. तसाच कर."

जिने उभ्या जन्मात वाकडा दात केला नाही, ती बाई कामाला लागली. कडेने घासला, कोपरा उडवला, रंग कालवला. भोंग्याच्या दाताशेजारी धरून पाहिला, पुसून टाकला, पुन्हा कालवला. फार पिवळा झाला, मग फार स्वच्छ झाला. इतका जीव तिने एखाद्या अख्ख्या कवळीतही ओतला नव्हता. शेवटी टेबलावर दात तयार झाला तो किंचित तिरका, मळक्या रंगाचा, एका बाजूने झिजलेला.

तेवढ्यात मालक फेरी मारत आले. त्यांनी तो चिमटीत उचलून उजेडात धरला. "हे काय ध्यान? कुणा शिकाऊने केलं? टाका कचऱ्यात."

"मी केलाय."

"तू? तुझा हात बिघडला की डोळे?"

आईने त्यांच्या चिमटीतून दात काढून घेतला. मालकांपुढे ती एरवी मान वर करून बोलायची नाही.

"काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली, आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माझ्या मुलीच्या दातांसारखा केलाय. तिचे दात तिच्या तोंडात आहेत."